डच पूर्वजांना आडनावे बहाल करण्याची सुलभ पद्धत

डच वंशावळ करायला बसले की संगणकावरची ‘आडनाव’ ही चौकट डोळ्यांत खुपते. जुन्या काळचे कित्येक डच लोक ती रिकामी ठेवूनच जन्मले, नांदले आणि वारले. आपण मधले नाव म्हणून बापाचे नाव लावतो, तेवढ्यावरच त्यांचे भागत असे. हा हलगर्जीपणा पुढीलप्रमाणे दुरुस्त करावा.

१. बापाचे नाव बेलाशक आडनावाच्या चौकटीत भरावे. पीटरचा मुलगा यान पीटर्सझोन, त्याचा मुलगा पीटर यान्सझोन, नातू पुन्हा यान पीटर्सझोन. अशाने दर पिढीला नवे घराणे तयार होते आणि वंशावळ भरगच्च दिसते. पीटर यान्सझोनची बहीण यान्सडोख्टर, म्हणजे यानची मुलगी, म्हणून नोंदलेली आढळेल. दोघांची आडनावे जुळत नाहीत, तेव्हा ‘भावंडे सावत्र असावीत’ अशी टीप जोडावी.

२. नंतरचे आडनाव मागे ओढावे. ज्यांना कायमचे आडनाव नव्हते त्यांनी ते घेऊन नोंदवावे, असे फर्मान नेपोलियनने १८ ऑगस्ट १८११ रोजी काढले. फ्रीसलँड प्रांताच्या नोंदवह्यांत कुटुंबप्रमुखाने घेतलेले आडनाव आणि मुलानातवंडांची वयेही सापडतात. ते आडनाव थेट १६५० सालच्या पूर्वजाला लावावे. तो हरकत घ्यायला येत नाही. सख्ख्या भावांनी वेगवेगळी आडनावे घेतली असतील, तर एकाला वंशातून वगळावे.

३. आडनाव विचित्र दिसले की ‘नेपोलियनची टर उडवायला घेतले’ असे ठोकून द्यावे. तेच आडनाव १८११ पूर्वीच्या कागदात निघाले, तर तो कागद मिटून ठेवावा.

४. ट्वेंटे आणि आख्टरहुक भागांत माणसाला शेतवाडीचे नाव लागे. घरजावई बायकोच्या वाडीवर राहायला गेला की त्या वाडीचे नाव लावी. अशा गृहस्थाला जुन्या वाडीवर ‘निपुत्रिक वारला’ आणि नव्या वाडीवर ‘मूळ अज्ञात’ असे दाखवावे.

५. नाव जुळले की नाते जुळवावे. नकाशाकार विलेम यान्सझोनची प्रतिस्पर्धी यान यान्सझोनशी गल्लत होई, म्हणून त्याने १६२१ च्या सुमारास ‘ब्लाऊ’ हे नाव लावायला घेतले. त्याच्या या खटाटोपावर आपण सहज पाणी फिरवू शकतो. १६०६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर उतरलेला कप्तानही विलेम यान्सझोनच! तिघांना एका घरात घालावे.

काही हटवादी मंडळी प्रत्येक नाव मूळ नोंदीत आहे तसेच उतरवतात, बापाच्या नावाला स्वतंत्र रकाना ठेवतात, घेतलेले आडनाव सालासकट पर्यायी नाव म्हणून लिहितात आणि त्याआधीची चौकट खुशाल रिकामी सोडतात. त्यांची वंशावळ वर्षानुवर्षे एखाद्या खेड्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा-वहीत अडकून पडते. आपली मात्र महिनाभरात सम्राट शार्लमेनपर्यंत पोचते, आणि वाटेत एकही चौकट रिकामी राहत नाही.