पाव किलो पालक, मातीसकट

सिडकोतल्या एका बागेच्या कडेला रविवारी सकाळी जो सेंद्रिय बाजार भरतो, तिथला पालक जुडीने मिळत नाही. तो काट्यावर तोलून मिळतो. पाव किलो ४० रुपये, मुळांसकट, आणि मुळांना धरून बसलेल्या काळ्याभोर मातीसकट. झटकू नका, असं विकणारे बजावतात, तीच तर खूण आहे. विकणारे दोघे भाऊ पुण्यातली आयटी सोडून मातीकडे परतलेले आहेत. परतले असावेत, कारण 'माती' हा शब्द त्यांच्या टी-शर्टावर छापलेला आहे. नखं मात्र लख्ख असतात.

घरी येऊन मी ती माती तोलली. पालक धुतला, धुवण फडक्यातून गाळलं, गाळ उन्हात वाळवला आणि लॉकडाऊनमध्ये केक करायला म्हणून घेतलेल्या काट्यावर ठेवला. पाव किलोत ४० ग्रॅम. १६० रुपये किलोच्या हिशेबाने ६ रुपये ४० पैसे. जाधववाडीच्या घाऊक बाजारात आवक वाढलेल्या दिवशी पालकाची अख्खी जुडी याहून कमी पैशांत जाते. पालेभाजी रोज खा, असं डॉक्टर, व्हॉट्सअ‍ॅप आणि सासूबाई एकमुखाने सांगतात. म्हणजे वर्षाला १४ किलो ६०० ग्रॅम माती, २,३३६ रुपयांची. दूध, गॅस, शाळेची फी, माती, असा महिन्याच्या खर्चाच्या वहीत नवा रकाना पाडावा लागणार.

बेताच्या पगारात सेंद्रिय कसं खावं, यावर एका सोसायटीच्या हॉलमध्ये व्याख्यानही झालं. बोलणाऱ्या ताई म्हणाल्या, अगदी सोपं आहे, महिन्याला एक पिझ्झा कमी करा. समोर बसलेल्यांत बऱ्याच जणींचे नवरे वाळूजच्या कारखान्यांत कंत्राटावर. त्यातली एक उठून म्हणाली, "ताई, आमच्याकडे पिझ्झा आणतच नाहीत. कमी करायला आधी सुरू करावा लागंल का?" ताईंनी क्षणभर विचार केला आणि हॉटेलिंगकडे वळल्या.

बरं, आपली माणसं भोळी म्हणावीत तर तेही नाही. गुलमंडीवर इमरती घेताना खोक्यासकट वजन केलं, तर हीच मंडळी भर सणात दुकान डोक्यावर घेतात. निव्वळ माल तोलायचा, खोकं वेगळं. २००९ चा वैध मापनाचा कायदा काउंटरवर उभ्याउभ्या सुनावतात. तेच लोक रविवारी ४० ग्रॅम मातीपुढे हात जोडतात. मी जुडी जरा आपटली, तर शेजारच्या काकू कळवळून म्हणाल्या, "अहो, जीवाणू जातील ना!"

गुरुवारी छावणीच्या बाजारात पोत्यावर बसलेली मावशी अंबाडी, घोळ, तांदुळजा विकते. बांधावरची, ओढ्याकाठची भाजी. तिच्यावर मुद्दाम फवारायला कोण रिकामं बसलंय? पण तिच्या जुडीला माती राहिली, की गिऱ्हाईक खेकसतं, "मावशे, भाजी विकायली का वावर?" मग ती जुड्या बादलीत बुचकळते, निथळते आणि दहाला दोन देते. त्यावर एक फुकट मागणारेही असतात. जुडीत मातीला मोल नाही. काट्यावर आली की तिला भाव येतो.

आता कोणी म्हणेल, प्रमाणपत्र बघा. पाकिटावर 'सेंद्रिय' छापून विकायचं, तर जुलै २०१८ पासून त्याचे नियम आहेत. प्रमाणपत्र लागतं, 'जैविक भारत' हे चिन्ह लागतं. रासायनिक शेत सेंद्रिय म्हणवायला हंगामी पिकांना २ वर्षं आणि फळबागेला ३ वर्षं थांबावं लागतं. लहान शेतकऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे: किमान ५ जणांचा गट करायचा आणि एकमेकांच्या बांधावर जाऊन तपासायचं. या झाल्या कागदाच्या वाटा. मातीच्या वाटेला ना मुदत, ना गट, ना शुल्क. भाजी धुवायची नाही, की झालं. युरिया टाकलेल्या वावरातली माती काही निळी पडत नाही. ती तितकीच काळी, तितकीच चिकट आणि फोटोत तितकीच पवित्र दिसते. लवकरच धुतलेल्या भाजीला माती लावून देण्याचा जोडधंदा निघेल, असा माझा अंदाज आहे. फुलंब्रीची माती साध्या दरात, पैठणची गोदाकाठची गाळाची म्हणून थोडी चढी, दौलताबादची ऐतिहासिक म्हणून पर्यटकांना. चिकलठाण्याची सवलतीत, कारण तिच्यात एमआयडीसी आहे.

या न्यायाने जे जे उंचावर लागतं, ते ते संशयित. शेवगा, हादगा, चिंच यांचा मातीशी काय संबंध? मराठवाड्याच्या केशर आंब्याला भौगोलिक मानांकन आहे, पण चिखल नाही, मग विश्वास कसा ठेवायचा? आणि रब्बीची ज्वारी! जमिनीतल्या ओलीवर येणारी, जिच्यावर बहुतेक शेतकरी फवारणीचा पंप खांद्याला लावतच नाहीत. ती मळून, उफणून, चाळून स्वच्छ येते. त्यामुळे बिचारी कधी सेंद्रिय झालीच नाही. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हा तिची बिस्किटं निघाली. बिस्किटांनाही माती नव्हती.

मग मी जमिनीचा हिशेब मांडायला बसलो आणि तिथे हसू पळालं. एका एकरातला वरचा सहा इंचांचा थर साधारण ९ लाख किलो भरतो. १६० रुपये किलोने त्याचे झाले १४ कोटी ४० लाख. फुलंब्रीकडचा तीन एकरवाला, कागदोपत्री अल्पभूधारक, म्हणजे ४३ कोटींचा धनी. हा धनी पीककर्जाच्या एका सहीसाठी आठवडाभर हेलपाटे घालतो आणि 'साहेब जेवायला गेलेत' ऐकून एसटीने परत जातो. त्याने रासायनिक सोडायचं ठरवलं, तर पहिली वर्षं उत्पादन खाली येतं आणि भाव मात्र साधाच मिळतो, कारण कागद अजून यायचा असतो. तण काही कागदाची वाट बघत नाही. खुरपायला बाया मिळत नाहीत. गोठ्यात जनावर उरलं नाही म्हणून शेणखतही विकत घ्यायचं. एवढं सगळं जमवलं, तरी शेजारच्या कपाशीवरची फवारणी वाऱ्यावर बसून बांध ओलांडते आणि याच्या पालकावर उतरते. सेंद्रिय भाजी महाग का, याचं खरं उत्तर हे आहे आणि ते तागाच्या पिशवीवर कोणी छापत नाही. छापतात काय, तर 'नातं मातीशी'! कोणाचं नातं? विकणाऱ्यांनो, गोठ्यातल्या गायींची नावं फलकावर लिहिता. तो पालक त्याच्याकडून कितीला उचललात, हा एक आकडा लिहून दाखवा! तेवढा लिहा आणि मग ४० घ्या, ६० घ्या, माती वेगळी बांधून द्या, मी दोन्ही घेईन. ज्याच्या टाचेच्या भेगांत ती माती जन्मभर बसलेली आहे, त्याला तिचे किलोमागे किती मिळाले, एवढंच तर विचारतोय.

असो. भाजी धुवायची राहिली. ही माती साधी नव्हे, कपाशीची काळी. पाणी पिऊन फुगते आणि बोटांना चिकटते. पहिल्या पाण्यात हलत नाही, दुसऱ्यात विरघळल्याचं नाटक करते, तिसऱ्यात खडे लागतात, चौथ्यात पालक हिरवा असल्याचं कळतं. चार पातेली पाणी, आणि तेही कोणत्या शहरात? जिथे नळाचा वार नव्हे, तिथी बघावी लागते. जिथे पाहुण्याला 'जेवलात का'च्या आधी 'तुमच्याकडे आलं का' विचारतात आणि काय आलं ते त्याला सांगावं लागत नाही. स्थळ बघताना मुलाच्या पगारानंतर लगेच घरच्या टाकीची क्षमता विचारली जाते. पन्नासेक किलोमीटरवर, पैठणला, नाथसागर आहे. आशियातल्या मोठ्या मातीच्या धरणांत त्याची गणना होते. हो, तिथेही मातीच. ते भरलं की दरवाजे उघडतात, आम्ही सहकुटुंब ते पाणी बघायला जातो, फोटो काढतो आणि घरी येऊन टाकीच्या तळाला मग्गा खरवडत बसतो. मग टँकर. टँकरचं पाणी कोणत्या विहिरीचं, तिच्या शेजारी कोणता कारखाना, हे कोणी विचारत नाही. पालकाची वंशावळ पाठ आणि पाण्याचा पत्ता नाही. विषमुक्त भाजी त्या बेवारस पाण्यात चारदा बुडवून आम्ही निर्धास्त होतो.

आमच्या आईने '७२ चा दुष्काळ पाहिलेला असल्यामुळे धुवण मोरीत जात नाही. ते गॅलरीतल्या कुंड्यांत ओतलं जातं. पाणी जिरतं, गाळ वर राहतो, थरावर थर चढतात. परवा वरच्या मजल्यावरच्या वहिनी वाटी घेऊन आल्या. कढीपत्त्याला घालायला थोडी काळी माती मिळेल का, तुमच्या कुंड्यांत चांगली दिसते, म्हणाल्या. पूर्वी त्या साखर मागायला यायच्या, तेव्हा आई वाटी शिगोशीग भरून द्यायची. या वेळी तिने वाटी हातात घेतली, एकदा कुंडीकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "काटा आण रे."