कमजोरी, पण कामाची

इंदूरच्या भंवरकुआं चौकात, स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसच्या गर्दीत, सगळं तयार मिळतं. नोट्स तयार, टेस्ट सिरीज तयार, पोहे तर पहाटेपासून तयार. मग मुलाखतीत विचारली जाणारी स्वतःची कमजोरी तरी घरून कोण आणणार? तीही क्लासमध्येच मिळते, उत्तरासकट.

“सर, मी जरा परफेक्शनिस्ट आहे.” “मला कुणाला नाही म्हणता येत नाही.” “काम हातात घेतलं की तहानभूक विसरतो.” मॉक इंटरव्ह्यूतले सर मान डोलावतात. पुढचं वाक्यही पाठ असतं: आता त्यावर मी मेहनत घेतोय आणि बराच फरक पडलाय. पाहुण्यांसाठी कपाटातल्या कपबश्या काढाव्यात, तशी ही कमजोरी. रोजच्या वापरातली वेगळी. तिचा कान तुटलेला असतो आणि ती आतच राहते.

या भंवरकुआं चौकाला टंट्या मामांचं नाव द्यायचं राज्य सरकारनं २०२१ मध्ये जाहीर केलं. टंट्या मामा म्हणजे सावकारांची झोप उडवणारे टंट्या भिल्ल; त्यांना इंग्रजांनी १८८९ मध्ये जबलपूरला फाशी दिली. त्यांना कुणी कमजोरी विचारली असती, तर ते म्हणाले असते, “सावकार दिसला की हात शिवशिवतात.” उत्तर खरं. उमेदवार बाद.

फौजेचं बरं असतं. भोपाळच्या एसएसबीत, म्हणजे सैन्यदलाच्या निवड मंडळात, मानसशास्त्राच्या परीक्षेत पंधरा मिनिटांत लिहायचं असतं: आईवडील तुमच्याबद्दल काय म्हणतात, शिक्षक काय म्हणतात, मित्र काय म्हणतात, तुम्हाला स्वतःला काय वाटतं आणि पुढे कसं व्हायचंय. ‘आमचा बाळ्या परफेक्शनिस्ट आहे’ असं म्हणणारी आई अजून जन्माला यायचीय. आणि लिहिलंच, तरी पुढचे काही दिवस मैदानावर, गटात आणि मुलाखतीत बाळ्या समोरच असतो.

केंद्र सरकारनं तर प्रश्नच अर्धा निकालात काढला. १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’च्या पदांसाठी मुलाखत बंद. थोडक्यात, कारकुनाला कमजोरीची सक्ती नाही. साहेब व्हायचं असेल तर मात्र एखादी तरी लागतेच.

आमचं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न टेबलाच्या दोन्ही बाजूंना विचारावा. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं कार्यालय इंदूरातच आहे, रिक्षाभाडंही फार नाही. आयोगाला विचारा, “आपली कमजोरी?” खरं उत्तर असं येईल: २०१९ च्या राज्यसेवा परीक्षेचा अंतिम निकाल आम्ही डिसेंबर २०२३ मध्ये लावला. तोही ८७ टक्के जागांचा. उरलेल्या १३ टक्के ओबीसी आरक्षणाच्या कोर्टकज्ज्यात अडकल्या, म्हणून रोखून धरल्या. तोवर पोरांनी खोलीचं भाडं भरलं, मेसचे डबे संपवले आणि घरच्यांना ‘यंदा नक्की’ असं दरवर्षी सांगितलं.

पण आयोग भंवरकुआंत शिकून आला असेल, तर म्हणेल, “आम्ही जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहोत. त्यावर काम चालू आहे.”

राज्यसेवेच्या त्या परीक्षेत मुलाखतीला १७५ गुण होते. या उत्तराला किती द्यायचे, ते वाचकांनी ठरवावं. ८७ टक्के गुण आत्ता द्या. उरलेले १३ टक्के कोर्टाचा निकाल लागल्यावर.