खडीचा मुलूख

रस्त्यावरील खड्ड्यांची निंदा करण्यात महाराष्ट्रातील संपादक, व्यंगचित्रकार आणि निवडणुकीस उभे राहणारे उमेदवार यांनी आजवर जेवढी शाई खर्ची घातली, तेवढे डांबर खर्ची पडले असते तर निदान दोन-चार तालुक्यांचे रस्ते गुळगुळीत झाले असते. परंतु तेच खड्डे बुजविण्याच्या सद्हेतूने आणून पसरलेल्या आणि पुढे सर्वांच्या विस्मरणात गेलेल्या सुट्या खडीविषयी कोणी चार ओळी खरडल्याचे माझ्या वाचनात नाही. वास्तविक खड्डा हा स्वभावाने प्रामाणिक असतो. तो दुरून दिसतो, पावसाळ्यात पाणी साचवून आपला ठावठिकाणा जाहीर करतो, आणि त्यातून जाणाऱ्याला आपले जे काही म्हणणे असेल ते थेट कण्याच्या मणक्यांत सांगून मोकळा होतो. खडी मात्र सुधारणेचा वेष घेऊन येते. ती पाहून दुचाकीस्वार "चला, काम सुरू झाले एकदाचे" असे समाधानाने म्हणतो, आणि वाक्य पुरे होण्याच्या आत जमिनीवर येतो.

या विषयातील माझे सारे शिक्षण भोरहून वरंधा घाटाने महाडास जाताना, मामांच्या बुलेटच्या मागील आसनावर झाले. मामा मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, आणि त्यांची बुलेट त्यांच्याही आधी निवृत्त व्हावयास हवी होती. तिचे गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी, म्हणजे हल्लीच्या सर्व गाड्यांच्या उलट, अशी तिची जुनी वहिवाट आहे; त्यामुळे ती ज्याने एकदा उसनी नेली त्याने दुसऱ्यांदा मागितल्याचा दाखला नाही. ताशी चाळीस किलोमीटरच्या वर वेग नेणे म्हणजे आपल्या अखत्यारीबाहेर हुकूम काढणे, असे मामांचे मत आहे. महाडास त्यांचे जमिनीच्या फेरफाराच्या नकलेचे काम होते. पावसाळ्यात दरडींच्या भयाने बंद केलेला घाट जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकमाने नुकताच खुला झाला होता. आणि मला नाही म्हणता येत नाही. एवढी तीन कारणे एका प्रवासास पुरेशी आहेत.

भोर सोडताना मामांनी राजवाड्याच्या दिशेने मान लववली. हे पंतसचिवांचे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले आणि मामांचा जन्म त्यानंतरचा. तरीही संस्थानी अमदानीतील रस्ते कसे होते याची आठवण त्यांच्या मनात अगदी ताजी आहे. "त्या काळी दगड फोडणारा दगड मोजून फोडत असे," ते हेल्मेटातून ओरडले. पुढे रस्ता नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जाऊ लागला, उजव्या-डाव्या हातास सह्याद्रीच्या पावसाने न्हालेल्या सोंडा दिसू लागल्या, आणि असल्या स्थळी प्रवासवर्णनकाराने जे दोन परिच्छेद लिहावयाचे असतात ते लिहिण्यास मी मनातल्या मनात आरंभ करणार, तोच बुलेटचे पुढचे चाक किंचित डावीकडे, मग किंचित उजवीकडे गेले आणि मामांनी "खडी!" असा उद्गार काढला. तिथून पुढचे सृष्टिसौंदर्य माझ्या वाट्यास आले नाही.

"तू मागे देवळातल्या कासवासारखा बस," मामा म्हणाले. "वळणावर माझ्या मदतीला म्हणून इकडे-तिकडे कलू नकोस. तुझी मदत मला परवडायची नाही."

मामांच्या शिकवणीचा तपशील असा. टायर आणि डांबर यांच्यामध्ये खडी आली की टायर डांबराला धरीत नाही. तो खडीला धरतो, आणि खडी कोणालाच धरीत नाही. सरळ रस्त्यावर हे एकवेळ चालून जाते. परंतु वळणावर गाडी कललेली असते, तिला बाहेर फेकू पाहणारा सारा जोर ते दोन तळहातांएवढे रबर पेलीत असते, आणि नेमक्या त्याच वेळी भीतीने पुढचा ब्रेक आवळणाऱ्याचे चाक फिरायचे थांबते. न फिरणाऱ्या चाकाला हॅन्डलने कितीही दिशा दाखवा, ते आपल्याच दिशेने जाते. म्हणून जी काय वेगाची काटछाट करावयाची ती वळणाच्या आधी, गाडी न कलता सरळ असतानाच करून घ्यावी. वळणात शिरल्यावर ब्रेक, क्लच आणि धीर यांपैकी काहीही सोडू अथवा आवळू नये. आणि नजर खडीकडे न लावता वळणाच्या पलीकडे लावावी, कारण स्वार जिकडे पाहतो तिकडे गाडी जाते. घाटातल्या वळणाच्या पोटात तर खडी असायचीच. मालमोटारी कोपरा कापण्यासाठी साइडपट्टीवरून मागची चाके घालतात आणि तेथला मुरूम डांबरावर ओढून आणतात. जे त्यांच्याकडून राहिले ते डोंगरावरून वाहून येणारे पाणी पुरे करते. त्यातल्या त्यात मोटारींच्या चाकांखाली झाडून निघालेले दोन पट्टे स्वच्छ असतात. त्यांपैकी एक धरावा, दोहोंच्या मधल्या वरंब्यावर जाऊ नये.

आता ज्या खडीने हा छळ मांडला आहे तिचे कुळ मोठे थोर आहे, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी असे दाखवून दिले, की सहा औंसांहून जड नसलेले, कोनदार, फोडीव दगड थरावर थर पसरले आणि त्यांवरून गाड्यांची लोखंडी धावांची चाके जाऊ दिली, की ते दगड एकमेकांत गुंततात आणि रस्ता रहदारीनेच पक्का होतो. कल्पना नामी होती. आमच्या ठेकेदारांनी तिचा पूर्वार्ध उचलला, दगड पसरले आणि पक्के करण्याचे काम रहदारीवर सोपविले. फरक एवढाच, की लोखंडी धावांची चाके जाऊन रबरी चाके आली, आणि ती दगड दाबीत नाहीत, उडवितात. मामांना या इतिहासातला एकच भाग पाठ आहे व तो स्वदेशी आहे. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांविषयी एक समिती नेमली गेली, तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसला आणि १९२९ साली रस्त्यांसाठी मध्यवर्ती निधी उभा राहिला. "म्हणजे बघ," मामा म्हणाले, "पेट्रोल भरतो तेव्हा या खडीचे पैसेही मीच भरतो. आपल्या पैशाने आणलेल्या वस्तूवरून घसरण्याचा मान सगळ्यांनाच मिळत नाही."

हा संवाद चालू असतानाच आठ-दहा तरुणांची एक फळी गडगडाट करीत आम्हांला ओलांडून गेली. गुडघ्यांस कवच, कोपरांस कवच, पाठीवर चिलखत आणि हेल्मेटावर कॅमेरा, असा एकूण सरंजाम पाहता ते महाडास नव्हे, पानिपतास निघाले असावेत असे वाटे. मामांनी घड्याळात पाहिले. चौथ्या की पाचव्या वळणावर त्यांच्यातला एक वीर रस्त्याच्या मधोमध मांडी घालून बसलेला आढळला आणि त्याची गाडी आडवी होऊन एक चाक हवेत फिरवीत होती. त्याच्या मागे खडीत एक स्वच्छ चंद्रकोर उमटली होती, जिच्यातून खालचे काळे डांबर, आता काही उपयोग नसताना, दिसत होते. हातमोजा तळहाताच्या गादीपाशी फाटला होता आणि चामड्यात काळ्या पाषाणाचे तीन-चार खडे खडे म्हणून नव्हे, जडावाचे म्हणून बसले होते. मोजा नसता तर ते कोठे बसले असते, हे सांगावयास नको.

मामांनी गाडी डांबरावर उभी केली, चष्मा पुसला आणि चौकशीस आरंभ केला.

"वेग किती होता?"

"साठ असेल, काका."

"वळणात पुढचा ब्रेक दाबलास?"

"दाबला. दगड दिसले ना."

"झाला कबुलीजबाब. हात-पाय हलव. सगळे हलतात? मग कलम गेले."

कोणते कलम गेले, हे त्या जखमी मनुष्याने विचारले नाही, म्हणून मी विचारले. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९८-अ हे कलम घालण्यात आले असून, ठरलेली मानके न पाळलेल्या रस्त्यामुळे कोणास मृत्यू अथवा अपंगत्व आल्यास ठेकेदारासह जबाबदार असलेल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "हा पोरगा आपल्या पायांवर उभा राहिला," मामा खेदाने म्हणाले, "तिथेच खटला कमकुवत झाला."

जवळच खडीचा ढीग होता आणि ढिगाच्या सावलीत मुकादम होता. "सावकाश जा, काम चालू आहे" अशी पाटीही होती; ती पालथी पडलेली असून तिच्यावर मुकादमाचा जेवणाचा डबा उघडलेला होता.

"रोलर कुठे आहे?" मामांनी विचारले.

"खाली गेलाय, सायेब."

"केव्हा येणार?"

"आल्यावर."

कचेरीत उभी हयात घालवलेल्या मनुष्यास हे उत्तर इतके परिपूर्ण वाटले, की त्यांनी त्यावर काही विचारले नाही. मात्र पाटी उभी करून घेतली आणि डबा स्वतःच्या हातांनी ढिगावर ठेवला.

घाटमाथ्यावर वाघजाईच्या देवळापाशी भज्यांची दुकाने आहेत. एका बाजूस कावळ्या किल्ला, दुसऱ्या बाजूस कोकणात उतरत जाणारी दरी, आणि मध्ये उकळत्या तेलात पडणारे कांद्याचे काप. यांपैकी पहिल्या दोहोंचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. येथवर मामा एकाही वळणावर डगमगले नव्हते. दुकानासमोर येऊन त्यांनी गाडी पूर्ण थांबविली, इंजिन बंद केले, विजयी मुद्रेने डावा पाय खाली टेकला, आणि तो पाय जेथे टेकला तेथे दुकानदारांनी चिखल होऊ नये म्हणून पसरलेली बारीक खडी होती. पाय सावकाश, अगदी विचारपूर्वक, बाहेरच्या बाजूस सरकू लागला. दीडशे किलोंहून जड असलेली बुलेट एकदा एका अंशापलीकडे कलली की तिला थोपविणे मनुष्याच्या हाती राहात नाही. ती नुसती कलत राहते, आणि तिच्यावर बसलेल्याला आपल्या आयुष्याचा फेरविचार करण्यास भरपूर अवकाश मिळतो. मामांचा वेग त्या वेळी शून्य होता. मी आधीच उतरलो होतो, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल.

"बसा, बसा," भज्यांच्या कढईवरून मावशी म्हणाल्या. "हितं रोज दोन-चार पडत्यात. चा टाकू का दोन?"

"मी पडलेलो नाही," मामा गाडीखालून म्हणाले. "गाडी पडली. मी तिच्या सोबत गेलो."

गाडी उचलावयास जे चौघे धावले त्यांत हातमोजा फाटलेला तो तरुणही होता. मामांना काही लागलेले नाही अशी त्याने खात्री करून घेतली आणि मग, अत्यंत आदराने, "काका, वेग किती होता?" असे विचारले. मामांनी त्याच्यासाठीही भजी मागविली. नंतर त्यांनी एक चपटा दगड शोधून आणला, तो स्टॅन्डखाली सरकवला, कारण मुरमात स्टॅन्डचा खूर रुतून उभी केलेली गाडीही आपोआप आडवी होते, आणि मगच चहाचा कप हाती घेतला.

महाडास फेरफाराची नक्कल मिळाली नाही. ती देणारा मनुष्य रजेवर होता. मामांनी त्याच कचेरीच्या बाकावर बसून खडीसंबंधीचा तक्रार अर्ज लिहिला आणि आवक-जावकेच्या टेबलावर देऊन पोच घेतली. ज्या खात्याकडे तो जावयास हवा त्या खात्याकडे तो जाईपर्यंत रोलर बहुधा आलेला असेल. तोपर्यंत वरंध्याने जाणाऱ्या दुचाकीस्वारांस एवढीच विनंती, की वाघजाईची भजी चुकवू नयेत, पण गाडी डांबरावर उभी करावी आणि दुकानापर्यंतची वीस पावले चालत जावे.