दहा लाखांचं पाच रुपयांचं नाणं

यशवंतपूर, बंगळूर

ती. अण्णांना शि. सा. नमस्कार.

तुमचा फोन आल्यापासून घरात कुणाचं चित्त थाऱ्यावर नाही. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं दहा लाखांना जातं अशी जाहिरात आहे म्हणालात, आणि तुमच्या चिरंजीवांनी त्याच रात्री माझ्या पर्सपासून देवापुढच्या वाटीपर्यंतची सगळी चिल्लर सतरंजीवर ओतली. मिरजेत तुम्ही ‘मुलगा परदेशी असतो’ म्हणून सांगता, ते मला ठाऊक आहे. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस एका रात्रीत आणून सोडते असा हा परदेश!

नाणी सापडली, चांगली दोन. ह्यांनी लगेच फ्लॅटचं कर्ज फेडून टाकलं. तोंडी.

मग मी नाणी विकणाऱ्या एका गृहस्थांना गाठलं. ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. नाण्यावर २०१२ साल आहे, पण ते काढलंच होतं बाजारात फिरायला. ज्याच्या-त्याच्या गल्ल्यात पडलेल्या वस्तूला दहा लाख कोण देईल? टाकसाळीतून किती निघाली, हातातलं किती कोरं आहे आणि कुणी घेणारा आहे का, एवढंच ते बघतात. नुसतं जुनं असून भागत नाही.

तुमच्या नातीला मात्र भिंगाचा नाद लागलाय. सालाखाली बारीक हिरा दिसला तर टाकसाळ मुंबईची, चांदणी असेल तर हैदराबादची, टिंब नोएडाचं, आणि काहीच नसलं तर कोलकाता. मुंबईची नाणी ती ‘आपली’ म्हणून वेगळी काढते. त्याचे जास्तीचे पैसे कुणी देत नाही, पण भूगोल फुकटात होतोय.

मी ठेवून घेतली ती तीन-चारच. १९९९ सालचं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं, त्याच सालचं ज्ञानेश्वरांचं एक रुपयाचं आणि २००७ चं टिळकांचं पाचाचं. टिळक दोन निघाले, तेव्हा एक शेजारच्या कानडी बाईंना दिले आणि त्यांच्याकडून २००६ चे बसवेश्वर घेतले. पाचाला पाच. सीमाप्रश्नात इतकी समजूतदार देवघेव मी तरी प्रथमच पाहिली. विकायला गेलं तर यांचेही फार येणार नाहीत, पण चहावाल्याला द्यायला हात होत नाही.

दहाच्या नाण्यांचा संग्रह मात्र आपोआप वाढतोय, कारण कोपऱ्यावरचा भाजीवाला ती घेतच नाही. चौदाच्या चौदा नमुने खरे आहेत असं रिझर्व्ह बँकेने २०१८ सालीच सांगितलंय. भाजीवाल्याला अजून ते पटायचंय.

आईंना सांगा, माळ्यावरचा नाण्यांचा डबा उघडला तर चिंचेने घासायला घेऊ नका. घासून लख्ख केलेल्या नाण्याची किंमत जाणकारांच्या लेखी उतरते. पंचवीस पैसे जून २०११ पासून चलनातून गेलेत, ते नातीला खेळायला चालतील. आठ आणे अजून चालतात. म्हणजे कायद्याने.

आणि अण्णा, तो जाहिरातवाला आता ‘नोंदणी फी’ मागेल. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांवर फी किंवा कमिशन मागणारे खोटे असतात, असा इशारा खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिलाय. दहा लाख देणाऱ्याला आपल्याकडून आधी दोन हजार कशाला लागतात? त्याचा फोन आला तर ओटीपी सांगू नका, माझा नंबर द्या. मी त्याच्याशी कन्नडमध्ये बोलेन.

आपली,
सूनबाई