होल्डिंगकाका

कर्जत-खालापूरकडे पंपाचा स्टार्टर बिघडला की काकांना फोन करण्याआधी माणसं दोन गोष्टींची खात्री करून घेतात : आपल्याला आज वेळ आहे ना, आणि घरात चहापुरतं दूध आहे ना. कारण होल्डिंगकाका नुसती दुरुस्ती करून जात नाहीत. शिकवून जातात.

खोपोलीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला जन्म काढून ते रिटायर झाले. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर, आणि पेन कानावर. स्टार्टरचं झाकण उघडण्याआधी कागद मागायचा, हा त्यांचा नियम. ‘सर्किट कळल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही.’ कागद मिळाला नाही तरी त्यांचं अडत नाही. लग्नपत्रिकेची पाठ, खताची रिकामी गोणी, गिरणीची भिंत, काहीही चालतं. आमच्या गावाबाहेर एका मुंबईकरांचं फार्महाऊस आहे. तिथं टाकी रिकामी, आत पाहुणे अंगाला साबण लावून उभे, आणि बाहेर काका साहेबांच्या गाडीच्या धुळकट बोनेटवर बोटानं सर्किट काढतायत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. साहेब दर मिनिटाला ‘हो हो, कळलं’ म्हणत होते. काकांना हे वाक्य अजिबात आवडत नाही. लगेच प्रश्न येतो.

‘हे पॉवर. तीन फेज, जाड वायर, सरळ मोटरकडे. हिच्यात डोकं घालू नका. हे कंट्रोल. वायर बारीक, पण अक्कल सगळी इथं. फ्यूजमधून निघालो, ओव्हरलोडच्या कॉन्टॅक्टमधून आलो, लाल बटणातून आलो, हिरव्यापाशी थांबलो. हिरवं दाबलं. कॉईलला सप्लाय मिळाला, कॉन्टॅक्टर ओढला, टक्! मोटर चालू. बरोबर? आता बोट काढलं. बटण मागे आलं. तरी मोटर का थांबली नाही?’

इथं काका टेस्टर वर धरून थांबतात. या प्रश्नाला आजवर त्यांना ‘स्प्रिंग’ आणि ‘कॅपेसिटर’ अशी उत्तरं मिळाली आहेत. एका भातगिरणीवाल्यानं शांतपणे ‘सवय लागली म्हणून’ असं सांगितलं होतं. ते उत्तर काका अजून आयटीआयच्या पोरांना ऐकवतात, आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसतात.

खरं उत्तर ते आवाज खाली आणून देतात. ‘तेरा-चौदा.’ कॉन्टॅक्टर ओढला की त्याच्यासोबत एक छोटा कॉन्टॅक्टही मिटतो; तेरा-चौदा हे त्याच्याच टर्मिनलांचे आकडे. तो हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. बटण सुटलं तरी करंट तिथून जातो आणि कॉईल स्वतःच स्वतःला धरून ठेवते. हेच होल्डिंग. लाल बटण दाबा, ओव्हरलोड ट्रिप होऊ द्या किंवा लाईट जाऊ द्या, कॉईल सुटते. आणि लाईट परत आली तरी मोटर आपसूक चालू होत नाही, कुणीतरी येऊन हिरवं दाबावंच लागतं. ‘का? कारण मधल्या वेळात कुणाचा तरी हात मशीनमध्ये असतो!’ हे सांगताना काका आपला हात मागे घेतात. कारखान्यात कुणाचा हात होता, हे मात्र त्यांनी कधी सांगितलेलं नाही.

करंट म्हणजे पाईपातलं पाणी, असं कुणी समजावू लागलं तर त्यांना मनापासून राग येतो. ‘वायर कापली तर जमिनीवर सांडतो का करंट?’ वास्तविक पाण्याचा अभिमान त्यांच्याइतका कुणाला नसेल. पाहुण्यांना ते आवर्जून टाटांच्या पाईपलाईनी दाखवायला नेतात. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी सुमारे ५०० मीटर खाली येतं, खोपोलीचं पॉवरहाऊस १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ सालचं. मुंबईच्या गिरण्या आमच्या डोंगरावरच्या पाण्यानं चालल्या. वीज करून झालेलं पाणी इकडं खोपोलीला पाताळगंगेत जातं आणि तिकडं भिवपुरीला राजनाल्यातून कर्जतच्या उन्हाळी भाताला. एवढं सगळं सांगून होईपर्यंत बहुधा लाईट जाते. मग काका अंधारात म्हणतात, ‘दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.’ हा विनोद त्यांना दर वेळी नव्यानं सुचतो.

त्यांचा खरा शत्रू म्हणजे ‘ऑटो’. थ्री फेज अवेळी येते, रात्री बांधावरून पंपापर्यंत कोण जाणार, म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच लावतात. लाईट आली की पंप आपोआप सुरू. महावितरण परोपरीनं सांगतं की हे काढा. काका मात्र अंकगणित मांडतात : डायरेक्ट चालू होताना मोटर तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते. लाईट आल्या क्षणी डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर डीपीचं काय होईल? ‘तुमच्या झोपेसाठी डीपी जाळता!’ शेतकरी मान डोलावतात, काका बांधापलीकडे गेले की ऑटो परत लावतात. विंचू, साप, चिखल यांचं उत्तर काकांच्या सर्किटमध्ये नाही, आणि मनातून त्यांनाही ते ठाऊक असावं. कारण रागावत रागावत तेच ऑटो वायर नीट बसवून देतात आणि एकेकाची वेळ पुढेमागे लावतात, म्हणजे निदान सगळे एकदम उठायचे नाहीत.

एका गोष्टीला मात्र माफी नाही. एकानं कॉन्टॅक्टर सुटतोय म्हणून त्यात लाकडाची पाचर मारून तो दाबून ठेवला होता. एक फेज गेला, मोटर दोनच फेजवर घुमत राहिली, ओव्हरलोड ट्रिप झाला, पण पाचर काही ट्रिप होईना. वाइंडिंग जळालं. काकांनी ती पाचर घरी आणून शोकेसमध्ये ठेवलीय, नातवंडांच्या ट्रॉफीशेजारी.

उलट्या फिरणाऱ्या पंपाची केस त्यांना लाडकी. लाईनचं काम झालं, फेज इकडचे तिकडे झाले, पंप फिरतोय पण पाणी नीट चढत नाही. तिन्हींतल्या कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल केली की काम संपलं. पाच मिनिटं. त्यावरचं व्याख्यान फॉरवर्ड-रिव्हर्स स्टार्टरवरून इंटरलॉकवर, तिथून स्टार-डेल्टावर जातं, आणि स्टार व डेल्टा एकाच वेळी ओढले तर काय होईल, हे काका दोन्ही हात हवेत उडवून दाखवतात. काकूंचं म्हणणं, ‘यांना हिरवं बटण आहे. लाल बसवायचं राहून गेलं.’

पैशांच्या बाबतीत मात्र ते कच्चे. ‘सर्किट समजलं ना? मग राहू दे.’ समजलं नसेल, मग तर पैसे घेतच नाहीत, कारण काम पुरं झालेलं नसतं. शिकायला येणारी पोरं थोडी चुकत, थोडी घाबरत सिरीज लॅम्प धरायला शिकतात, आणि पुढं पाताळगंगेच्या एमआयडीसीत नोकरीला लागली की दिवाळीला पेढे आणतात. काका पेढा तोंडात ठेवून विचारतात, ‘तेरा-चौदा?’

मध्यंतरी त्यांचा भाचा चाकणहून लॅपटॉप घेऊन आला. ‘मामा, आता आमच्याकडे सगळं पीएलसीत, प्रोग्रॅमवर. तुमचा टक्-टक् डबा गेला.’ काकांनी चष्मा लावला. त्यांची सर्किटं वरून खाली वाहतात, पोराची स्क्रीनवर आडवी होती. म्हणून मान वाकडी करून ते एकेक ओळ वाचत गेले. स्टॉप. स्टार्ट. आणि स्टार्टच्या खाली, समांतर, मोटरचाच कॉन्टॅक्ट. ‘अरे, हे आपलंच!’ मग घरच्यांना, शेजारच्यांना, दूधवाल्यालाही ती ओळ दाखवण्यात आली. मान तशीच वाकडी ठेवून सबंध प्रोग्रॅम वाचला, आणि ती अवघडली.

काकू बाम चोळत होत्या तेव्हाही चाकणला परतलेल्या भाच्याला फोन चालूच होता. ‘ऐक. ओव्हरलोड कुठं घेतलायस? नुसता प्रोग्रॅममध्ये? आणि इमर्जन्सीचं बटण? तेही? अरे गाढवा, बाहेर वायरमध्ये घे आधी, सरळ कॉईलच्या सिरीजमध्ये! कागद आहे का जवळ?’