तासभर गप्प

दोन मिनिटांची स्तब्धता बावीस सेकंदांत संपवण्यात माझा हातखंडा आहे. डोंबिवलीत आमच्या भागातल्या शोकसभांचं सूत्रसंचालन गेली एकोणीस वर्षं मीच करतो. लोक माना खाली घालतात, मी मनात आकडे मोजतो आणि "ओम शांती" म्हणून माइक पुन्हा ताब्यात घेतो. उरलेले अठ्ठ्याण्णव सेकंद परत मागायला आजवर कुणी आलेलं नाही. गेलेल्या माणसाचे नातेवाईकसुद्धा नाहीत.

अशा माणसाला इंग्लंडमध्ये क्वेकरांच्या उपासनेला नेऊन बसवायचं, ही कल्पना सुनेची. ती मँचेस्टरला नोकरी करते आणि तिच्या ऑफिसातली एक बाई त्या पंथाची. "बाबा, तिथे पाद्री नसतो. भजन नाही, घंटा नाही, क्रूससुद्धा नाही. सगळे नुसते शांत बसतात."

"किती वेळ?"

"तासभर."

"मी येते," बायको म्हणाली. इतक्या चटकन ती लग्नालाही हो म्हणाली नव्हती.

क्वेकर हा शब्द मला ओट्सच्या डब्यामुळे माहीत. कोलेस्टेरॉल निघाल्यापासून तो टोपीवाला म्हातारा रोज सकाळी आमच्या टेबलावर हजर असतो. सुनेने सांगितलं की त्या डब्याचा आणि पंथाचा काही संबंध नाही. हे लोक सचोटीचे म्हणून कंपनीने नाव तेवढं उचललं. कॅडबरी मात्र मुळात खरीखुरी क्वेकरांची. जॉन कॅडबरीने १८२४ साली बर्मिंगहॅममध्ये दुकान काढलं, तिथून सुरुवात. म्हणजे पथ्याचं ते यांचं नव्हे आणि डॉक्टरांनी बंद केलंय ते यांचं! पंथाबद्दल माझं मत एकदम चांगलं झालं.

आदल्या दिवशी विंडरमिअर पाहिलं. मोठं तळं आहे.

रविवारी सकाळी ब्रिगफ्लॅट्सला पोचलो. सेडबर्ग नावाच्या गावापासून मैल-दीड मैलावर, मेंढ्यांच्या कुरणांमध्ये, चुना लावलेलं एक पांढरं घर. १६७५ साली बांधलेलं. तेव्हा असं जमणंच बेकायदा होतं, सवलत देणारा कायदा १६८९ला आला. पकडले जाऊ या भीतीत बांधलेलं घर इतकं निवांत कसं दिसतं, कोण जाणे. आत लाकडी बाकं, वर सज्जा आणि जिन्याच्या पायथ्याशी कुत्र्यांसाठी एक छोटा कोंडवाडा. शेतकरी आपापली मेंढराची कुत्री त्यात ठेवून आत बसायचे. बायकोने त्या कोंडवाड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बोलली काही नाही.

पंथ काढला जॉर्ज फॉक्सने. विणकराचा मुलगा, शिकला जोडे शिवायला. 'क्वेकर' म्हणजे थरथरणारे, हे नाव १६५० मध्ये एका न्यायाधीशाने कुचेष्टेने ठेवलेलं. ते स्वतःला 'मित्र' म्हणवतात. राजा असो की न्यायाधीश, कुणापुढे टोपी काढायची नाही आणि सगळ्यांना एकेरीच हाक मारायची, यापायी त्यांनी मार खाल्ला, तुरुंगही भोगले. आमची ही चारचौघांत 'अहो' म्हणते आणि घरी भांडताना 'तू'वर येते. म्हणजे अर्धी क्वेकर ती आधीपासूनच होती. पण मला खरा राग आला तो पुढचं ऐकून. १६५२ मध्ये इथून जवळच, फर्बँक फेलच्या माळावर, हाच फॉक्स खडकावर चढून हजारभर लोकांसमोर तीन तास बोलला होता. संस्थापकाने तीन तास बोलायचं आणि आम्ही तासभर गप्प?

"आतून अगदीच बोलावंसं वाटलं तर उभं राहून बोलतात," सून दारात कुजबुजली. "बाकीचे ऐकतात. उत्तर देत नाहीत, वाद घालत नाहीत. पण बाबा, प्लीज."

आम्ही बसलो. पंधराएक माणसं, बहुतेक माझ्याच वयाची. कुणी प्रास्ताविक केलं नाही, कुणाचं स्वागत नाही. सुरू कधी होणार म्हणून मी वाट पाहत राहिलो. अकरा मिनिटांनी लक्षात आलं की सुरू झालेलं आहे.

मग ओट्स बोलू लागले. आधी हळू, नंतर पाट सरकवल्यासारखे. मी खोकून आवाज झाकायला गेलो तर आता दोन आवाज झाले. समोरची माणसं डोळे मिटून अशी बसलेली, की मला त्यांचा संताप यायला लागला. टँकर आला का, हे चौथ्या मजल्यावरून ओरडून विचारावं लागत नाही, त्याला गप्प बसायला काय जातं? घड्याळ पाहिलं. एकोणीस मिनिटं. माझ्या हिशेबाने एवढ्यात पन्नासेक शोकसभा उरकल्या असत्या.

अडतिसाव्या मिनिटाला डाव्या पोटरीत पेटका आला. पोटरीचा गोळा वर चढू लागला की माणसाला पंथ राहत नाही. मी ताडकन उभा राहिलो.

सगळ्या खोलीने डोळे उघडले नाहीत, पण ऐकायला सुरुवात केली. ते मला कळलं. एकोणीस वर्षं माइकसमोर आहे, ऐकणारी खोली मला पाठ करूनही ओळखता येते. इथे मान्यवर नव्हते, व्यासपीठ नव्हतं, आभार मानावेत असं कुणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी उभा होतो आणि तोंडात एक शब्द नव्हता. इंग्रजी तर केव्हाच पळालेलं. शेवटी जे होतं ते बाहेर आलं.

"पायाला गोळा आलाय हो."

आणि बसलो.

कुणी हसलं नाही. समोरच्या एका म्हाताऱ्याने डोळे मिटूनच हळूच मान हलवली. सुनेचे खांदे हलत होते. बायको आता मला चिमटा काढणार म्हणून मी तिच्याकडे वळलो, तर तिला काही ऐकूच गेलं नसावं. हात मांडीवर, डोळे मिटलेले आणि गालावरून पाणी हनुवटीपर्यंत आलेलं. ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

श्रावणात तिची ताई गेली. शोकसभा मीच चालवली होती. बावीस सेकंद.

उरलेली एकवीस मिनिटं मी घड्याळ पाहिलं नाही. पोटरी तोडत होती, तोडू दिली.

शेवटी दोघा वयस्करांनी एकमेकांचे हात हातात घेतले, मग सगळ्यांनी सगळ्यांचे. उपासना संपल्याची खूण एवढीच. नंतर चहा-बिस्किटं. एका आजीबाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, तुमची भाषा कळली नाही, पण मनापासून आलेलं होतं ते पोचलं. अर्थ काय, असं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितला नाही. हा माझा त्या दिवसातला सगळ्यात धार्मिक निर्णय.

गाडीत बायकोने सुनेला विचारलं, "मँचेस्टरमध्येही असेल ना गं असं कुठे?"

असेल, सून म्हणाली आणि आरशातून माझ्याकडे बघू लागली. मी काही बोललो नाही. पोटरी चोळत बसलो.