घड्याळाला दगड

2024 ची भाऊबीज 3 नोव्हेंबरला होती, रविवारी. त्याच दिवशी पहाटे दोन वाजता अमेरिकेने आपली घड्याळं तासभर मागे घेतली. म्हणजे पाडव्याला परळ आणि न्यूजर्सीतल्या एडिसनमध्ये साडेनऊ तासांचं अंतर, आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी साडेदहा. परळच्या ताईने आदल्या दिवशीच्या हिशेबाने ‘मी सातला ओवाळते, तुझे सकाळचे साडेनऊ’ असं कळवलं असेल, तर भाऊराय आंघोळ करून कॅमेऱ्यासमोर बसेपर्यंत परळला आठ वाजलेले. निरांजनात दुसऱ्यांदा तूप. लंडनच्या धाकट्याचं घड्याळ तर आठवडाभर आधी, 27 ऑक्टोबरलाच मागे सरकलेलं. ॲरिझोनातला चुलतभाऊ तेवढा निवांत. त्या राज्यात जवळजवळ कुठेच घड्याळाला हात लावत नाहीत.

संगणकाला हे कळत नाही का? कळतं, नीट विचारलं तर. ब्राउझरला ‘तुझं घड्याळ ग्रीनिचपासून किती मिनिटं लांब?’ असं विचारलं की मुंबईत बसलेला ब्राउझर उणे 330 म्हणतो. आपण पुढे, तरी आकडा उणे. ही चाल कोणाच्या डोक्यातून निघाली ते असो. पण ते उत्तर त्या क्षणापुरतं. पुढच्या महिन्याचं विचारायचं तर आकडा नको, विभागाचं नाव हवं: अमेरिका/न्यूयॉर्क. नावामागे नियम येतात. मार्चचा दुसरा रविवार, नोव्हेंबरचा पहिला, आणि तेही 2007 पासूनचे; त्याआधीचे वेगळे. आपल्याकडचे फॉर्म बनवणारे मात्र ‘न्यूयॉर्क उणे पाच’ असं एकदा कोरून ठेवतात आणि मोकळे होतात. त्यांना तरी काय बोलणार? संगणकाच्या नोंदीनुसार 15 ऑक्टोबर 1945 नंतर भारताच्या घड्याळाला कोणी हात लावलेला नाही. त्याआधी युद्धापायी ते तासभर पुढे होतं, ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे.

खरं तर या विषयात मुंबईकराने जगाची शिकवणी घ्यायला हवी. या शहराची स्वतःची वेळ होती: ग्रीनिचपुढे 4 तास 51 मिनिटं. 1 जानेवारी 1906 ला सरकारने साडेपाच तासांची प्रमाणवेळ आणली आणि मुंबईच्या घड्याळातली 39 मिनिटं एका रात्रीत गेली. सूर्य तोच, गिरणीचा भोंगा आधी. त्याच महिन्यात जेकब ससून गिरणीच्या हजारो कामगारांनी काम करायचं नाकारलं, गिरणीवर दगड पडले. काही महिन्यांतच पालिका पुन्हा मुंबई टाइमवर आली. रेल्वे एका वेळेने धावतेय, पालिका दुसऱ्या वेळेने चालतेय, हा संसार स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालला. आता ॲपने परस्पर अपडेट केलं तरी आपण ‘ओके’ दाबतो.

एवढं करून जगाच्या कालविभागांच्या यादीत मुंबई नाहीच. अख्ख्या भारताला एकच नोंद, कोलकात्याच्या नावाची. क्रोम तर वर्षानुवर्षं जुनं ‘कलकत्ता’च सांगत आलाय. विंडोजने चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असं चौघांना एका बाकावर बसवलंय. आणि यादीतल्या कोलकात्याच्या नोंदीत 1906 नंतर सरळ साडेपाच तास (युद्धाची वर्षं सोडून). मुंबई टाइमचा पत्ता नाही. त्यामुळे गिरगावच्या चाळीत 1930 साली जन्मलेल्या आजोबांची वेळ पत्रिकेच्या ॲपमध्ये टाकताना आधी विचारायचं: सुइणीने कुठलं घड्याळ पाहिलं होतं? 39 मिनिटांत लग्न रास बदलू शकते. ॲप विचारत नाही. ते थेट मंगळ सांगतं.

संकष्टीचं तर विचारूच नका. ॲपने तुमचा कालविभाग अचूक ओळखला, म्हणून चंद्र कधी उगवणार हे त्याला कळलं असं होत नाही. द्वारका आणि दिब्रुगढ एकाच विभागात. चंद्र काही दोन्हीकडे एकदम येत नाही. त्याला अक्षांश-रेखांश लागतात. कालनिर्णय गावागावांच्या वेळा छापतं ते उगाच नाही. पण दादरहून सासूबाई मुंबईचा चंद्रोदय न्यूजर्सीला व्हॉट्सॲपवर पाठवतात, आणि सूनबाई त्यातून साडेनऊ तास वजा करून, म्हणजे भर सकाळी, मोदकाला हात घालतात. उपास लवकर सुटतो, ही जमेची बाजू.

मुंबई टाइम संपूर्ण मेला असंही नाही. काही पारशी अग्यारींत दुपारचा गेह, म्हणजे प्रार्थनेचा प्रहर, आजही बारा वाजून 39-40 मिनिटांनी सुरू होतो, म्हणजे जुन्या मुंबईच्या ठोक्याला बारा. ब्राउझरला विचारा, तो कलकत्ता म्हणेल. पुजाऱ्याला विचारा.